हॉलमधला कॅमेरा

आपल्या घरातलं परक्याला दिसता कामा नये, हा त्याचा हेकाच होता. म्हणून कॅमेऱ्याचं चित्रण कुठल्या कंपनीकडे न ठेवता त्याने चपलांच्या कपाटावर स्वतःचा छोटा सर्व्हर बसवला, बाहेरच्या जगासाठी सगळ्या वाटा बंद केल्या आणि आईला समजेल अशा भाषेत सगळं लिहून दिलं. आधी वायफाय जोड, मग हा पासवर्ड टाक, की हॉल दिसेल. लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झाला होता गडी.

रविवारी सकाळी त्याने सर्व्हरला जोडलेल्या यंत्रांची यादी सहज उघडली. कुठला तरी अनोळखी टीव्ही महिनाभर त्यांचा हॉल बघत होता, तोही आवाजासकट.

"आई, कुणीतरी आपल्या घरात घुसलंय," तो कसाबसा म्हणाला.

"घुसतंय कोण? शेजारच्या मावशींचा टीव्ही तो," आई भाजी निवडत म्हणाली. "तू दिवसभर नसतोस. मी पडले-झडले तर कुणाला तरी दिसायला हवं. तुझा कागद वाचून मीच जोडून दिला. फार सोपं लिहितोस हो तू."

तो तसाच उठून शेजारी गेला. दार मावशींनीच उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत.

"परवा तू आईला जे बोललास ना," त्या हळूच म्हणाल्या, "ते ऐकून आमच्या यांना रात्री घास गेला नाही."