बंद पडलेला फोन

आमच्या घरातलं नेट दुपारी जायचं. मी पनवेलला मम्मीला फोन लावला की हमखास. मॉडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे लाइन असल्याचा, हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा आणि मी कळवलं की माझा नवरा ऋषी महापेच्या ऑफिसातून मेसेज टाकायचा, "बंद करून चालू कर." याच्यासाठी माणूस इंजिनियर झाला.

मोबाइल असताना लँडलाइन कशाला, असं विचारू नका. कोपरखैरण्यात आम्ही तळमजल्यावर, चारी बाजूंनी बिल्डिंगी. रेंज हवी तर गॅलरीच्या ग्रिलला चिकटून उभं राहावं लागतं. म्हणून हॉलमध्ये फोन, आणि त्याच तारेवरून नेट. त्यातही आलेला मॉडेम ऋषीला पसंत पडला नाही. त्याने स्वतःचा राउटर आणला आणि मॉडेमला ब्रिज मोडमध्ये टाकलं. म्हणजे मॉडेमने डोकं चालवायचं नाही, आलेलं तसंच पुढे ढकलायचं. लॉगिन, पासवर्ड, सगळा शहाणपणा राउटरकडे. ऋषी स्वतः घरात हेच काम करतो. आई म्हणाल्या ते माझ्याकडे, मी म्हणाले ते आईंकडे, मधल्या मध्ये विचार शून्य.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, जयमालाबाई. मूळच्या सातारच्या. आमचं भांडण नाही, पण गप्पाही नाहीत. भाजी काय करायची आणि दूधवाला आला का, इथे आमचा संवाद संपतो.

शुक्रवारी चार वाजता माझा इंटरव्ह्यू होता, व्हिडिओवर, घरून. लग्नानंतर दोन वर्षं घरी बसून मला स्वतःचाच कंटाळा आला होता. ही नोकरी मला फार म्हणजे फार हवी होती. ऋषीला सांगितलं नव्हतं, कारण ऋषीला सांगणं म्हणजे आईंना सांगणं. ठाऊक होतं ते एकट्या मम्मीला, फोनवरून.

शुक्रवारी सकाळी ग्रिलला चिकटून मी कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, मॉडेमवर इंटरनेटचा दिवा लागलाय का?"

"नाही. ब्रिज मोडमध्ये तो लागत नाही."

"मग तोच प्रॉब्लेम आहे, मॅडम. पिनेने रिसेट करा."

रिसेट केलं असतं तर ब्रिज मोड उडाला असता, आणि तो परत कसा लावायचा हे फक्त ऋषीला माहीत. मी पिन केसांत खोचली आणि स्वतःच शोधायला बसले.

हॉलमधला फोन आणि मॉडेम एका छोट्या डबीतून जोडलेले आहेत. ती डबी बोलणं आणि नेट वेगळं ठेवते. मग बोलताना नेट जायचं कारणच नव्हतं. मी रिसीव्हर उचलला, दिवा शांत. नंबर फिरवला, शांत. मम्मी "हॅलो" म्हणाली, तरी शांत. मग तो लुकलुकला, आणि माझ्या कानात आवाज आला, कट्.

अडकित्त्याचा आवाज. तोच कट् आईंच्या बंद दाराआडूनही आला.

आईंच्या खोलीत जुना लाल फोन आहे, क्रोशाच्या रुमालाखाली. "बंद पडलाय त्यो," त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी भाबडी त्याच्यावरची धूळ झटकत आले. तो कसला बंद. डबीच्या आधीच, भिंतीतल्या तारेवर पॅरलल बसवलेला होता, म्हणजे हॉलमधलं बोलणं तिथे ऐकू येणार, घंटी तेवढी गप्प केलेली. तो उचलला की नेट मेलं.

माझं डोकं फिरलं. मम्मीला सांगितलेलं सगळं आठवलं, आईंच्या आमटीतल्या मिठापासून त्यांच्या टोमण्यांपर्यंत. म्हणजे इंटरव्ह्यूचंही त्यांना माहीत होतं. तो बुडवायला त्यांना फक्त रिसीव्हर उचलायचा होता. आणि आत्ता जाऊन जाब विचारला असता तर चार वाजेपर्यंत घर पेटलं असतं.

मम्मी तिकडून हॅलो हॅलो करत होती. मी फोन ठेवला नाही.

"मम्मी, ऐक," मी मुद्दाम सावकाश बोलले. "आज चार वाजता कुणी घरातला फोन उचलला, कुठलाही, अगदी बंद पडलेलासुद्धा, तर माझा इंटरव्ह्यू गेला."

"बंद पडलेला कोण कशाला उचलेल ग?"

"तेच ना. मला ही नोकरी पाहिजे, मम्मी. आईंना सांगायचंय, पण आम्हाला एकमेकींशी बोलायची सवयच नाही. त्या नको म्हणतील अशी भीती वाटते."

सुपारी कातरणं थांबलं होतं. दिवा लुकलुकतच होता.

चार वाजता मी बेडरूमचं दार लावून बसले. समोरच्या बाई मला मधली दोन वर्षं काय केलं ते विचारत असतानाच हॉलमधला फोन वाजायला लागला. एरवी आई दुसऱ्या घंटीला फोन उचलतात. तो वाजत राहिला, वाजत राहिला आणि आपोआप थांबला. स्क्रीनवरच्या बाई एकदाही अडकल्या नाहीत.

बाहेर आले तर आई मेथी निवडत बसलेल्या. "चहा टाकू का?" म्हणाल्या.

संध्याकाळी ऋषी घरी आला, लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये शिरला, आणि मम्मीचा फोन आला.

"कसा झाला ग?"

"बरा झाला. शेवटी शेवटी जरा अडखळले."

दिवा लुकलुकला. कट्. आणि त्या तारेवर पहिल्यांदाच तिसरा आवाज आला.

"कुठं अडखळली? काय बी सांगतीय, विहीणबाई. मी दाराला कान लावून हुते. इंग्रजी मला कळलं नाय, पन पोरगी कुठं थांबली नाय."

मला रडूच आलं. मम्मी हसत होती की तीही रडत होती, कळेना. आई तिला विचारत होत्या, पोरगी लहानपणापासून अशीच फडाफडा बोलते का, मग माझ्याशीच का बोलत नाही.

ऋषी बेडरूममधून बाहेर आला. "परत नेट गेलं. काय केलंस?"

"बंद करून चालू कर," मी म्हणाले. आम्ही तिघी बोलत होतो.