माझ्यावर कार्टन बांधू नका

मित्रांनो, मी एक पूल टेबल आहे. जुनं आहे, पण पूल टेबलच आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुबईच्या करामा भागात कुणाला ते कधी पटलंच नाही.

दुबईतल्याच अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये मी तयार झालो. पोटात सपाट दगडाच्या लाद्या, वर घट्ट ताणलेलं हिरवं कापड. मिस्त्रीने पांढरा बॉल हळूच ढकलला, तो अगदी सरळ गेला आणि मिस्त्री नुसता हसला. आयुष्यात कौतुक झालं ते तेवढंच. १९९१ साली मोहिद्दीनभाईंनी मला करामात आणलं. रत्नागिरीचा माणूस. एका जुन्या बिल्डिंगच्या खाली त्यांनी पूल हॉल टाकला होता.

गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूचे बॅचलर. खोलीत नुसते पलंग, पाय ठेवायला जागा नाही. मग गावी पाठवायचं कार्टन भरायचं कुठे? माझ्यावर. दूध पावडरचे डबे, ब्लँकेट, टॉर्च, अत्तर. दोघं कार्टनवर गुडघे रोवणार, तिसरा दोरी आवळणार. कार्गोची व्हॅन शुक्रवारी यायची, त्यामुळे दर शुक्रवारी हाच तमाशा. दगडू नावाच्या एकाने तर ऑफिसची पँट माझ्यावर इस्त्री केली. कापडावर डाग अजून आहे. आणि वर हाच भाईंना म्हणतो, टेबल नीट ठेवत नाही तुम्ही.

मला टेबलासारखं वागवणारी एकच, भाईंची मुलगी अलिशा. माझ्याखाली बसून होमवर्क करत ती मोठी झाली. हॉल उघडायच्या आधी येऊन कापडाला ब्रश मारायची, मग खेळायची. एकटीच. हाताला काय सफाई होती! तिला फक्त एक गेम अब्बांबरोबर खेळायचा होता. अब्बांचं उत्तर ठरलेलं: शुक्रवारी, इन्शाल्ला. आता शुक्रवारी माझ्यावर काय असायचं ते सांगितलंच आहे. हॉलचा मालक, पण या माणसाने कधी खेळायला म्हणून स्टिक हातात धरली नव्हती.

असे किती शुक्रवार गेले कुणास ठाऊक. २००२ साली अलिशाची बारावी झाली. कॉलेजसाठी रत्नागिरीला, मामूंकडे जायचं ठरलं. निघायच्या सकाळी भाई तिचं कार्टन घेऊन खाली आले आणि ठेवलं कुठे? बरोबर.

"अब्बा, नॉट ऑन द टेबल," अलिशा म्हणाली.

"अगो, दोरीच बांधायची हाय. एअरपोर्टला न्यायला वलीचाचा गाडी घेऊन येतोय."

"वन गेम, अब्बा. देन आय विल गो."

आता येणार इन्शाल्ला, असं मी धरूनच चाललो होतो. पण भाईंनी कार्टन उचलून खाली ठेवलं. मग स्टिक अशी धरली, जणू होडी वल्हवायची आहे.

पहिला फटका हवेत. दुसऱ्याला पांढरा बॉलच पॉकेटात. अलिशा हसली नाही. तिने त्यांचं कोपर धरून दाखवलं, "स्लोली, अब्बा." पुढच्या फटक्याला लाल बॉल सरकत सरकत गेला आणि टुपकन आत पडला.

भाई बघतच राहिले. "आधी का नाय सांगितलंस, एवढी मजा असते ती?"

"आय टोल्ड यू एव्हरी फ्रायडे."

बाहेर वलीचाचाने हॉर्न दिला. गेम अर्धाच राहिला.

एअरपोर्टवरून येऊन भाईंनी हॉल उघडला, पण माझ्यावरच्या एकाही बॉलला हात लावू दिला नाही. शैलेंद्र नावाचा अकाउंटंट कार्टन घेऊन आला. पाचच मिनिटं, भाई, म्हणाला.

"जमिनीवर बांध," भाई म्हणाले. "गेम चालू हाय."

मित्रांनो, इतकी वर्षं मी हेच मागत होतो. मिळालं तेव्हा पुढचा फटका मारणारी विमानात बसली होती. वैताग येणार नाही तर काय? म्हणून कळकळीने सांगतो, आपल्या टेबलावरचं सामान आजच खाली ठेवा. समोरचं माणूस स्टिक घेऊन उभं आहे तोवर.