उन्हातल्या अकरा खुर्च्या

टेकडीवर अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक अवोकाडोचं झाड, एक कर्णा, आणि माणसं एकशे त्रेचाळीस. वाकेशोने दोनदा मोजली. मागच्या कापडी फलकावर तिच्या आत्याचे अकरा मुद्दे होते: पाणी, रस्ता, दवाखाना, मोबाईलवर सरकारी दाखले वगैरे. मुद्द्यांपुढे क्रमांक नव्हते. ही युक्ती वाकेशोचीच.

आत्या म्हणजे म्गोई बाई. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि आता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गव्हर्नरपदाला उभ्या होत्या. जिथे सभा, तिथली अडचण पहिली, असा त्यांचा बेत होता. इथे त्यांनी पाणी पहिलं सांगितलं. टाळ्या मात्र पडल्या नाहीत.

म्वाकियो आजोबा काठी टेकत उठले. त्यांनी शांतपणे विचारलं की, काल समोरच्या डोंगरावर रस्ता पहिला होता ना? आणि परवा खालच्या बाजारात दवाखाना? कर्ण्याचा आवाज दरी ओलांडून थेट इथल्या चुलीपर्यंत येतो.

"बाई, तुमच्या शाळेत पहिला नंबर किती जणांचा यायचा?"

सभा खदखदून हसली. तीस वर्षं ध्वनीचा धडा शिकवलेल्या बाईंच्या हे ध्यानात आलं नव्हतं. ही टेकडी फिरली तर निवडणूक गेली, हे दोघींनाही ठाऊक होतं. बाईंना त्याहून मोठी काळजी होती: इथले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी होते.

"आत्या, प्रतिध्वनी होता म्हण," वाकेशो कुजबुजली.

"गप. नापास करीन तुला."

बाईंनी कर्ण्यातूनच कबुली दिली की आपण तीन ठिकाणी तीन पहिले नंबर वाटले. मग त्यांनी अकरा खुर्च्या ओळीने मांडायला लावल्या आणि प्रत्येकीवर एकेक मुद्दा चिकटवला. ज्याला जो मुद्दा पहिला वाटतो, त्याने त्या खुर्चीमागे रांगेत उभं राहायचं.

आजोबांना जुन्या काळची, उमेदवारामागे रांग लावून मत द्यायची निवडणूक आठवली. तेव्हा सरकारी मोजणीत सगळ्यात आखूड रांग सगळ्यात लांब ठरायची, असं ते म्हणाले. म्हणून मोजायला वाकेशोबरोबर ते स्वतः फिरले.

दोघांचा आकडा जुळला. मोबाईलवर दाखले: एकसष्ट. पाणी: अठ्ठावीस. बाई खूश दिसल्या, कारण दाखल्यांचा मुद्दा त्यांचा लाडका होता.

वाकेशोला पटेना. टेकडीवर मोबाईलला नीट रेंजही नव्हती. तिने रांगेकडे पाहिलं, मग वर पाहिलं. दाखल्यांची खुर्ची अवोकाडोच्या सावलीत होती.

"आत्या, हे लोक दाखल्यांसाठी नाही, सावलीसाठी उभे आहेत. प्रयोग पुन्हा करावा लागेल."

बाईंनी क्षणभर त्या लांबलचक रांगेकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. मग सगळ्या खुर्च्या उन्हात ओढल्या. लोक कुरकुरले. बारा जण झाडाखालून हललेच नाहीत; आमचा मुद्दा सावली, असं त्यांनी सांगितलं आणि तो फलकावर नसल्याबद्दल तक्रारही केली.

दुसऱ्या मोजणीत पाणी चौऱ्याहत्तर, रस्ता एकोणतीस, दवाखाना सतरा, दाखले दोन. उरलेले नऊ इतर खुर्च्यांमागे विखुरले होते. बाईंनी आकडे फलकावर लिहिले, खाली सही केली आणि कर्णा समोरच्या डोंगराकडे वळवला.

"रस्ता पहिला असं मी काल म्हणाले होते, ते खरं नाही. उद्या खुर्च्या घेऊन तुमच्याकडे येते. असंच प्रत्येक टेकडीवर मोजू आणि बेरजेत जे पहिलं येईल, ते पहिलं."

दरीपलीकडच्या चर्चचा कर्णा खरखरला.

"खुर्च्या उन्हातच मांडा."

आजोबांनी वाकेशोच्या पाठीवर थाप मारली आणि बाईंचं काही खरं नाही, असं सांगून ते घरी गेले.

निवडणुकीत त्या टेकडीवर चारशे बारा मतं पडली. म्गोई बाईंना दोनशे नऊ, निम्म्याहून तीन जास्त.