पाय पुढे, नजर चेहऱ्यावर

दोन सागवानी दांडे आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं जाड कापड, एवढाच माझा देह. नगरच्या एका दवाखान्यातला मी जुना स्ट्रेचर. मित्रांनो, मला पाहिलं की खेड्यातून आलेली माणसं चटकन नजर वळवत. त्यांना माझ्यात तिरडी दिसे. त्यांना दोष कसा देऊ? माझा आकारच तसा आहे.

१९४१ साली भीमा सुताराने मला घडवलं. दांडे रंधून झाल्यावर त्याने त्यांवरून आपला गाल फिरवला, कुठे काही टोचतं का ते बघायला. मग स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "झ्याक. आजारी मानूस सुखानं निजंल."

दवाखान्यात मला उचलणारे दोघे होते. डोक्याकडे कानिफनाथ, वय पन्नाशीचं. पायांकडे गोरक्ष, तोंडाचा फटकळ. आप्पासाहेब नावाच्या एका वजनदार मास्तरांना नेताना तो म्हणाला, "मास्तर, शाळंत पोरांच्या भाकरी बी तुमीच खाता काय?" मास्तर पोट धरून हसू लागले. कानिफनाथ ओरडला, "हसवू नगं रं, टाकं उसवत्याल त्यांचं!"

मोठ्या नर्स सुमेधाबाई यांचे नियम ठरलेले होते. उचलताना आकडे एकानेच मोजायचे आणि सगळ्यांनी एका दमात उचलायचं. हात अंगाशी, गुडघ्यांवर पट्टा. भूल उतरली नसेल तर रुग्णाची मान एका बाजूला वळवायची, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. आणि नेताना पाय पुढे, डोकं मागे. म्हणजे मागून चालणाऱ्या कानिफनाथला रुग्णाचा चेहरा सतत दिसत राही. भुलेतल्या माणसाला उलटी झाली, ओठ निळे पडले, तर ते पाहणारा तेवढा एकच माणूस असे.

ही गोष्ट मार्च १९४४ मधली. पाथर्डीकडून सहादेव नावाच्या शेतकऱ्याला आणलं. आतड्याला पीळ पडला होता. आधी बैलगाडी, मग प्रवाशांची सर्व्हिस मोटार, असा दीड दिवसाचा प्रवास झालेला. सोबत बायको लंकाबाई आणि थोरला भाऊ काकासाहेब. दुपारी शस्त्रक्रिया झाली आणि चांगली झाली. सहादेव वाचणार होता.

सुमेधाबाई एरवी माझ्या शेजारून वॉर्डापर्यंत चालत येत. त्या दिवशी एक अडलेली बाळंतीण तातडीने टेबलावर घेतली होती आणि युद्धामुळे नर्स कमी होत्या. त्यांनी सहादेवची मान वळवली, पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "कानिफ, चेहऱ्यावरून नजर काढू नका."

व्हरांडा अरुंद होता. एका बाजूला खाटा लावलेल्या. आम्ही अर्ध्यावर आलो आणि काकासाहेब आडवे उभे राहिले.

"थांबा! पाय म्होरं करून कुठं न्हेता? माझा भाऊ मेलाय व्हय?"

"आवो दादा, हितली रीतच हाय तशी," कानिफनाथ म्हणाला. "मला त्यांचं त्वांड दिसाया पायजे."

"तुमची रीत तुमच्यापाशी! आमच्यात पाय म्होरं फकस्त मढ्याचं. फिरवा आदी!"

लंकाबाई रडू लागली. "फिरवा की वो दादा. अभद्र नगं."

गोरक्षने कानिफनाथकडे पाहिलं. कानिफनाथ म्हणाला, "टेकव खाली."

त्यांनी मला जमिनीवर टेकवलं, तिथेच फिरवलं आणि पुन्हा उचललं. मित्रांनो, वाटेत टेकवून दिशा पालटणं ही तर तिरडीचीच रीत. त्या घाईत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या हिसक्याने सहादेवची वळवलेली मान सरळ झाली, तेही कुणी पाहिलं नाही.

आता डोकं पुढे होतं. कानिफनाथची पाठ सहादेवच्या चेहऱ्याकडे. मागच्या गोरक्षला दिसत होते फक्त गुडघे आणि चादर. काकासाहेब सगळ्यांपुढे वाट मोकळी करत चालले होते. लंकाबाई मागून नवऱ्याच्या पावलाला हात लावून चालत होती.

पण मला कळलं. सहादेवची पाठ माझ्या कापडावर होती. आधी पोटातून एक उबळ आली. घशात काही अडकलं. पाठ एकदा ताठ झाली, पुन्हा ताठ झाली. मग श्वासाबरोबरचं ते संथ वरखाली होणं थांबलं. मला ओरडायचं होतं. थांबा, मागे वळून बघा! मला तोंड नाही. एक दांडा जरी करकरला असता तरी कानिफनाथ थांबला असता. पण भीमाने मला इतकं नीट घडवलं होतं की मी करकरलोही नाही.

चाळीस पावलं. मी प्रत्येक पाऊल मोजलं.

खाटेजवळ कानिफनाथ वळला, तर सहादेवचे ओठ निळे पडलेले. "बाई! बाई, धावा!"

सुमेधाबाई धावत आल्या. सहादेवला कुशीवर घेतलं, घसा बोटाने साफ केला. डॉक्टर आले. अर्धा तास छाती दाबत राहिले. लंकाबाई सारखी म्हणत होती, "पाय गरम हायती वो. मी धरूनच चालत हुते. बगा की, अजून गरम हायती."

संध्याकाळी सहादेवला माझ्यावरूनच बाहेर नेलं. पाय पुढे होते. काकासाहेब दाराशी उभे होते. त्यांनी या वेळी अडवलं नाही.

त्यानंतर कानिफनाथ पायरीवर बसून राहिला. म्हणाला, "बाई, मी बी खेड्यातलाच. वाटलं, त्यांचं मन कशाला मोडा."

सुमेधाबाई त्याच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "पाय पुढे का, ते मी तुम्हाला सांगितलं. ज्यांचा माणूस, त्यांना कधी सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून कानिफनाथ मला उचलण्याआधी नातेवाइकांना जवळ बोलवू लागला. प्रत्येकाला तेच सांगे, "तिरडीवरच्याचा श्वास कुनी बघत चालत न्हाई. आमी बघत चालतो. म्हनून पाय म्होरं." काही जण तरीही रागावत. तो हात जोडे, पण दिशा बदलत नसे.

आज, १९४९ मध्ये, माझं कापड दोन ठिकाणी विरलं आहे आणि मला कोठीत उभं करून ठेवलं आहे. त्या चाळीस पावलांचं ओझं अजून उतरलेलं नाही. मित्रांनो, नव्या स्ट्रेचरवरून कुणाला नेताना दिसलं, तर घाबरून नजर वळवू नका. वाट मोकळी करा. नेणाऱ्यांना अडवू नका, काय ते विचारा. आणि तुमचं माणूस असेल, तर त्याच्या पायांकडे बघू नका. चेहऱ्याकडे बघा.