रागावलेला फोटो

नारिन शहरातल्या त्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एमिलबेक गेल्याला महिना उलटून गेला होता; चाळिसाव्या दिवसाचा विधी, चाळिसावा, दोन दिवसांवर आला होता. बोरसोक, पिठाचे ते छोटे गोळे, तळायला कढई चढवलेली, तेल तापून धुरावलेलं, आणि तळणाऱ्या बायका मात्र दाराशी दाटीवाटीने उभ्या. आत मेलेल्या माणसाचा फोटो रंग बदलत होता!

मीही घुसले. माझा फोटो स्टुडिओ गल्लीच्या पलीकडेच आहे, आणि एमिलबेकची बायको बुर्माकान मला एजे म्हणते, थोरल्या बहिणीचा मान देते. शिवाय चमत्कार म्हटला की माझं डोकं फिरतं.

भिंतीवर एमिलबेकचा मोठा कृष्णधवल फोटो होता, बाजारातल्या एका दुकानातून छापून आणलेला. या घरात भिंतीवर रंग जिवंत माणसांनाच; गेलेला माणूस काळ्यापांढऱ्यातच टांगायचा. फोटोखाली तोलोगोन मांडी ठोकून बसला होता. हा स्वतःला ‘उघड्या डोळ्यांचा’ म्हणवतो. मेलेल्यांशी बोलतो आणि जिवंतांकडून मेंढी नेतो.

“हे तुमचे नवे पांढरे दिवे आत्म्याला सोसत नाहीत!” असं म्हणत त्याने झोळीतून जुना पिवळा बल्ब काढला आणि स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने लावला. “पडदे ओढा! आता बघा. घरात याला संताप येतो. का येतो? कारण ज्याच्यामुळे हा गेला, ते माणूस घरातच आहे!”

फोटोतला राखाडी चेहरा लालसर झाला. खरंच झाला.

“आता उजेडात न्या!”

एमिलबेकच्या दोघा भावांनी फोटो अंगणात नेला. ढगाळ दुपार होती. तोच चेहरा आता हिरवट दिसायला लागला, पाण्यात राहिलेल्या माणसासारखा. एक बाई किंचाळली. चार वर्षांची झिबेक “हा माझा बाबा नाही!” म्हणत आईच्या झग्यात शिरली.

“ऐका!” तोलोगोन गरजला. “सुनेच्या पायगुणाने गेलाय हा. चाळिसाव्याच्या आत तिला माहेरी धाडा. पोर मात्र इथेच ठेवा, नाहीतर तिचाही बळी जाईल!”

बुर्माकानचा चेहरा पांढराफटक पडला. “आपा,” ती सासूला म्हणाली, “मी काय केलं हो? घाटात बर्फावरून ट्रक घसरला. सगळ्यांना ठाऊक आहे.”

सेयिलकान आपा वाईट बाई नव्हे. पण ती फोटोवरून नजर काढेना. “मला काही कळत नाही गं. पण तो बघ ना कसा बघतोय! जा, बोचकं बांध. झिबेकला माझ्याकडे दे.”

पोरगी किंचाळायला लागली. तिची काकू एका हाताला धरून ओढतेय, आई दुसरा हात सोडत नाही. फोटोची भीती होतीच. त्याहून जास्त भीती वाटली ती त्या घाबरलेल्या माणसांची. घाबरलेली माणसं काय वाटेल ते करतात.

नजर चुकवायची म्हणून मी फोटोत एमिलबेकच्या मागे पाहिलं. मागे घराचं कुंपण होतं. तेही हिरवट झालं होतं.

“फोटो आत आणा रे,” मी भावांना म्हटलं. पिवळ्या बल्बखाली कुंपण लाल! आता माणूस रागावला तर लाल होईल, पण कुंपणाला कशाचा राग? माझी भीती तिथेच ओसरली.

“आपा, अर्धा तास द्या. तोवर पोरीला हात लावू नका,” मी म्हटलं. मग तोलोगोनकडे वळले. “बाबा, तुमचा एक फोटो काढू? एवढ्या मोठ्या माणसाचा फोटो माझ्या दुकानात नको का?”

स्वारी खूश. दाढी कुरवाळून ताठ बसली.

मी फोनवर त्याचा फोटो टिपला आणि स्टुडिओत धावले. कृष्णधवल फोटोसाठी कुठली शाई घ्यावी, यात मी एक अख्खा हिवाळा घालवलाय, त्यामुळे माझ्याकडे दोन्ही प्रकारची होती. तोलोगोनचा एकच फोटो मी दोन शायांनी छापला आणि परत येऊन दोन्ही प्रती बल्बखाली शेजारी शेजारी धरल्या. एक राखाडीच राहिली. दुसरीत तोलोगोन लालबुंद!

“अंगणात चला!” मी म्हटलं. सगळे धावत बाहेर आले. पहिली प्रत राखाडी, दुसरीत तोलोगोन हिरवागार.

“अगं बाई,” काकू म्हणाली, “हा तर जिवंत आहे!”

“मग हा कोणावर रागावलाय?” मी विचारलं. “यालाही सुनेनेच मारलं का?”

“सैतानाची शाई आहे ही!” तोलोगोन ओरडला.

“सैतानाची नाही, बाजारातली आहे. त्या दुकानात काळ्याच्या फिक्या छटा निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून करतात. एका उजेडात मिश्रण राखाडी दिसतं. उजेड बदलला की तोल जातो आणि कधी लाल, कधी हिरवा डोकावतो. माझ्या पहिल्या प्रतीची शाई नुसत्या काजळीची. फिकी लागली तर तीच पातळ करायची. तिच्यात दुसरा रंगच नाही, मग डोकावणार काय?” मी त्याच्या झोळीकडे बोट दाखवलं. “हे यांना पक्कं ठाऊक आहे. नाहीतर आत्म्याशी बोलणारा माणूस झोळीत बल्ब घेऊन कशाला फिरेल?”

कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या. तोलोगोन बल्ब तसाच सोडून निघाला. आपा मटकन खाली बसली. “पोरी, मी तुला घराबाहेर काढत होते गं,” म्हणत तिने सुनेचे दोन्ही हात धरले. बुर्माकानने ते सोडवून झिबेकला उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी एमिलबेकचा फोटो काजळीच्या शाईने छापून दिला. चाळिसावा नीट पार पडला. पण झिबेक अजूनही त्या खोलीत जायचं म्हटलं की डोळ्यांवर हात ठेवते आणि आईचा झगा घट्ट पकडते. शाईचं कोडं अर्ध्या तासात सुटलं; पोरीला बापाची बसलेली भीती कधी जाईल, मला माहीत नाही.

म्हणून सांगते, भीती वाटली तर वाटू द्या. मलाही वाटली होती. पण त्या भीतीपायी कुणाच्या कुशीतलं पोर ओढण्याआधी एकदा दिवा बदलून बघा.