तांब्याच्या पत्र्यावरची नीलांबरी

प्रणिताच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. शेवगावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, तेव्हा ही मुलगी रोज पुस्तक बदलायला यायची. आता ती मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने माणसं काढते. पत्रा आम्लात ठेवला की रेघा खोल जातात. त्यांत शाई भरून ती कागदावर छाप घेते. उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर बसून तिने माझी बायको, नीलांबरी, तूर निवडताना काढली होती. पत्रासोबत पहिला छाप होता. 'काकूंना दाखवा. त्या हो म्हणाल्या तरच नगरच्या प्रदर्शनात लावीन.'

मी दाखवला नव्हता. डोळ्यांभोवती रेघांचं जाळं. गळ्याशी तर आडव्या-उभ्या रेघांची वीण इतकी दाट, की पातळाचा पोत कुठे संपतो आणि कातडीचा कुठे सुरू होतो ते कळेना. शिवाय पदर उजव्या खांद्यावर, हनुवटीवरचा तीळ भलत्या बाजूला. छाप उलटा उमटतो हे वाचून माहीत होतं, तरी ही बाई परकी वाटायची. पण चित्रातलं मला काय कळतं? म्हणून प्रणितालाही काही लिहवेना.

परवा तिने नीलांबरीलाच फोन केला.

"अहो, माझं कुठलं चित्र आहे तुमच्याकडे?"

मी कपाटातून काढून दिलं. "तुला वाईट वाटेल म्हणून…"

"मला, की तुम्हांला?"

चष्मा लावून ती खिडकीपाशी गेली. छाप उजेडात धरून वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "मीच की!"

"अगं, उलटी आहेस. तीळ बघ."

"वेणी घालताना आरशात रोज हीच दिसते. तुम्ही कोणती बघता देव जाणे. बघत असाल तर!"

"आणि एवढ्या सुरकुत्या?"

"त्या काय पोरीनं घरून आणल्या? बोटं बघा, खडा कसा नेमका धरलाय. हो म्हणून कळवा तिला."

"तूच सांग ना फोनवर."

"पत्र तुम्हांला आलंय."

तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'प्रणिता, काकू हो म्हणतात. मला ही बाई अजून पुरती ओळखीची नाही. प्रदर्शनात येऊन, तिला शेजारी उभी करून, पुन्हा पाहीन.' वाचून दाखवलं असतं तर नीलांबरी हसली असती. तसाच पोस्टात गेलो आणि टाकून आलो.