सांगाव्याची बुलेट

"आरं, ह्ये काय आनलंस दारात? गाडी हाय का रेडा?"

मनकर्णाबाई गोवऱ्या थापत होती. शेणानं भरलेला हात तिनं तसाच वर धरला होता आणि समोर तिचा लेक मच्छिंद्र हिरव्या रंगाच्या बुलेटवर बसून नुसता हसत होता. गाडीची धडधड चालूच होती. गोठ्यातल्या बैलांनी दावी ताणली, कोंबड्या उकिरड्यापलीकडं पळाल्या आणि निम्मं बाभुळदरा गाव अंगणात गोळा झालं.

"बंद कर ती आदी! मला माजाच बोल ऐकू यीना!" म्हातारी ओरडली.

त्यानं चावी फिरवली. सगळं एकदम शांत झालं आणि त्याबरोबर मच्छिंद्रचं हसूही ओसरलं. आता तोंडानं बोलावं लागणार होतं.

"ल... लष्कराच्या लिलावात घ्येतली. भ... भिंगारला."

एवढं सांगताना त्याच्या कपाळावर घाम आला. मच्छिंद्रची जीभ लहानपणापासून जड. शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथंच हटून बसायचा. चावडीवर तो तोंड उघडायच्या आत दुसराच कोणी बोलून जायचा. पोरगी बघायला गेला, की मुलीच्या बापानं नाव विचारलं तरी याचा 'म' संपता संपायचा नाही आणि पोहे खाऊन मंडळी परत यायची. तिशीला आला तरी घरात आई आणि तो, दोघंच. धाकटी बहीण राही पारनेरच्या पलीकडं खडकओहळला दिलेली.

शेजारचा सहादेव गाडीभोवती एक चक्कर मारून आला. त्याची स्वतःची राजदूत होती.

"मच्छ्या, तुला म्या काय सांगितलं हुतं? राजदूत घे. दोनी बाजूला दुदाच्या किटल्या लाव, मागं पेंडीचं पोतं टाक, ढेकळातनं घाल न्हाई तर वढ्यातनं घाल, बिनबोभाट जाती. हिला घिऊन काय करनार हाईस? आडवी झाली तर उचलाया चार मानसं लागत्याल."

"शोभा हाय नुसती!" म्हातारीनं री ओढली. "कांद्यानं एक साल हात दिला तर ह्यानं रेडा आनून बांदला दारात!"

मच्छिंद्रनं पुन्हा किक मारली.

खरं सांगायचं तर ज्यानं त्यानं आपापल्या गरजेचीच गाडी घेतली होती. सहादेव कामाचा गडी, त्याला ओझं वाहणारी राजदूत. शाळेचे विष्णुपंत मास्तर टापटिपीचे, धोतराला चिखल लागू नये म्हणून त्यांनी स्कूटर घेतली. आणि मच्छिंद्रला आवाज नव्हता, म्हणून त्यानं आवाज विकत घेतला. गावात त्याला शौकीन म्हणायचे, ते चूक होतं. बुलेट वेशीत शिरली, की न बघता लोक म्हणायचे, "मच्छिंद्र आला." जन्मात पहिल्यांदा तो आला हे लोकांना कळत होतं. मला विचाराल तर त्यात काही वावगं नव्हतं.

पुढच्या साली पाऊस आला नाही.

बहात्तर साल सरता सरता विहिरींचे तळ दिसायला लागले. जमिनीला अशा भेगा पडल्या, की वासराचा पाय अडकावा. मच्छिंद्रनं बैल छावणीला नेऊन बांधले आणि मायलेक दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. लोक मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी खात होते, पोरं सरकारी सुकडीच्या खाऊसाठी रांग धरत होती. गढूळ पाणी पिऊन माणसं हगवणीनं जायला लागली. म्हातारी आणि पोरं आधी.

माणूस गेलं, की पैपाहुण्यांना सांगावा धाडायचा ही रीत. त्यातून गेलेल्याची लेक सासरी असेल, तर ती आल्याशिवाय उचलायचं नाही. पूर्वी पायी गडी धाडायचे. पण आता चैत्रासारखं ऊन पौषात तापायला लागलं होतं आणि मढं फार वेळ ठेवण्याची सोय नव्हती. सहादेवची राजदूत टँकरमागं पाण्याचे डबे वाहण्यात गुंतलेली. मास्तरांची स्कूटर खडकाळ वाटेनं जाईना. राहिली बुलेट.

पहिल्यांदा कारभारी पाटलाची आई गेली तेव्हा पाटील स्वतः दारात आले. "मच्छिंद्रा, तुज्याबिगर कोन जानार? माज्या बहिनीला सांगावा दे बाबा."

मच्छिंद्र गेला. सांगाव्याला गेलेल्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही, पाणी घ्यायचं नाही, 'मेली' असं म्हणायचं नाही. दारात उभं राहून 'जास्त झालंय, चला' एवढंच म्हणायचं. वाटेभर तो ते तीन शब्द घोकत गेला. पण त्याचा 'ज' फुटायच्या आत ती बाई त्याचं तोंड बघून खाली बसली आणि हंबरडा फोडला. त्याला बोलावंच लागलं नाही.

मग त्याचीच ही कामगिरी ठरली. आज या गावाला, परवा त्या गावाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी तर असं झालं, की माळावर बुलेटची धडधड ऐकली, की बाया भाकरी तव्यावर सोडून दारात यायच्या. गाडी आपल्या दारावरून पुढं गेली, की हात जोडायच्या. ज्या दारात थांबली, तिथं गाडी बंद व्हायच्या आत रडणं सुरू व्हायचं. ज्या आवाजासाठी त्यानं कांद्याचा सगळा पैसा घातला, त्या आवाजाला आता माणसं कानांवर हात ठेवत होती. मच्छिंद्रला हे कळत होतं, पण कुणी दारात येऊन 'तुज्याबिगर कोन जानार' म्हटलं, की त्याच्यानं नाही म्हणवत नसे.

चैत्रात राहीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. घरात काही नव्हतं, तरी म्हातारीनं कुठून तरी मूठभर गूळ पैदा केला.

"जा, घिऊन ये पोरीला," ती म्हणाली. "तितं तिला डोईवर हंडा घिऊन मैलभर चालावं लागतंय. हितं निदान मी हाय."

मच्छिंद्रनं त्या दिवशी गाडी पुसली. कितीतरी दिवसांनी तो चांगल्या कामाला निघाला होता. त्या आनंदात त्यानं मूठ पुरी पिळली. एवढं कळतं माणूस, पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माळावरून त्याची धडधड मैलभर पुढं धावत होती.

राही पाण्याहून परतत होती. आवाज कानांवर पडला आणि तिनं हंडा टाकून दिला. "आई गं! माजी आई गेली!" असं ओरडत ती ओढ्याच्या दगडांवरून वाटेकडं पळत सुटली. बाया मागून हाका मारत राहिल्या.

मच्छिंद्रनं वळण घेतलं तेव्हा ती दगडांत पालथी पडलेली होती. त्यानं गाडी तशीच टाकली.

"आई... आई बरी हाय," हे तीन शब्द त्याला तिच्याजवळ बसून म्हणायला इतका वेळ लागला, की तोवर खालचा दगड लाल झाला होता.

राही वाचली. पोर हाती लागलं नाही. मुलगा होता.

राहीची सासू बनुबाई मोठ्या जिभेची बाई. पण त्या दिवशी तिनंही मच्छिंद्रला शिवी दिली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं. चार दिवसांनी राही भिंतीकडचं तोंड वळवून म्हणाली, "दादा, तुज्यावर माजा राग न्हाई. पर त्यो आवाज मला सोसत न्हाई आता."

"ग... गाडी इकतो."

"इकू नगं. तुला दुसरं हाय काय?" "असं कर. बरं काम असंल तवा वढ्यापलीकडंच बंद कर आन् ढकलीत आन. तुला ढकलताना बघितलं, की म्या समजंन समदं बरं हाय."

तेव्हापासून मच्छिंद्र तसं करू लागला. ओढ्याच्या अलीकडं चावी फिरवायची आणि तो लोखंडाचा बोजा चढावरून ढकलत न्यायचा. दम लागायचा, पिंढऱ्या भरून यायच्या. बांधावरची पोरं हसायची. पण दारात पोचेपर्यंत राही ओट्यावर येऊन उभी असायची आणि तिच्या तोंडावर सुटल्यासारखं काही तरी दिसायचं. त्या एका नजरेसाठी त्यानं गाडी नगरपासून ढकलत आणली असती.

पुढं पाऊस झाला. ज्वारी कमरेला लागली, विहिरींना पाणी फुटलं. सांगावे थांबले. पौषात राहीला पुन्हा सातवा लागला आणि म्हातारी पुन्हा गुळाच्या ढेपेला हात लावू लागली.

आणि ते सगळं दुष्काळसाल हाडांवर काढलेली मनकर्णाबाई भरल्या घरात तापानं अंथरुणाला खिळली. तिसऱ्या दिवशी तिनं मच्छिंद्रला जवळ बोलावलं.

"मी जाईन आता. लेकीला आन, तिच्याबिगर मला उचलू नगं. पर एक ध्यानात ठिव. गाडी वाजवीत जाऊ नगं. पोरगी पोटुशी हाय. माज्यापायी तिला पळवू नगं."

"आई, अ... असं—"

"शपत घे माजी."

त्यानं तिच्या पायांना हात लावला. सकाळी ती गेली.

सहादेव म्हणाला, "मी जातो राजदूतीवर. तू आईपाशी बस."

मच्छिंद्रनं मान हलवली. गावभरच्या लोकांचे सांगावे त्यानं नेले होते. आपल्या आईचा दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याचं मन घेईना.

वाटेभर तो तेच घोकत होता. जास्त झालंय, चल. जास्त झालंय, चल. ओढा आला. त्यानं चावी फिरवली आणि ढकलायला लागला. निम्म्या चढावर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण काय करतोय. आईची शपथ पाळावी तर राहीला खोटा निरोप जातोय. गाडी सुरू करावी तर ती पुन्हा दगडांवरून पळत येईल. तो चढावर हँडल धरून उभा राहिला. गाडी मागं घसरायला लागली, तेव्हा त्यानं दात आवळून पुन्हा रेटा दिला.

वरून कुणा बाईनं हाक घातली. "राही गं, तुजा भाऊ आला बघ! ढकलीत आनतुया!"

तो दारात पोचला तेव्हा राही ओट्यावर उभी होती. भरल्या अंगाची, हसरी. "ये दादा. आत्याबाई, च्या टाका!" ती म्हणाली. "मला न्ह्यायला आलास व्हय? आईला दम धरवंना जनू. ग्वाड काय धाडलंय का तिनं?"

मच्छिंद्र अंगणातच थांबला. बनुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं घेतला नाही.

"ज..." तो म्हणाला. "ज..."

"जेवूनच जाऊ. व्हय, जेवूनच जाऊ," राही हसत म्हणाली.

त्यानं हातानं तिला खाली बसायची खूण केली. ती बसली, पण बघत राहिली. मग त्यानं बनुबाईकडं बघून राहीला धरायची खूण केली. तांब्या अजून तसाच बनुबाईच्या हातात होता. सासूला आधी उमगलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि सुनेच्या खांद्यांभोवती दोन्ही हात टाकले.

मच्छिंद्रनं चावी फिरवली आणि किक मारली.

धडधड सगळ्या अंगणात भरली. शेजारच्या बाया दारात आल्या. राही हलली नाही. पोटावर दोन्ही हात ठेवून ती गाडीकडं बघत बसली आणि तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू पुसून गेलं. मच्छिंद्र हँडल धरून उभा होता. त्याला जे सांगायचं होतं ते गाडी सांगत होती.

बऱ्याच वेळानं राही उठली, ओट्यावरून उतरली आणि तिनं स्वतः चावी फिरवली.

"कळलं," ती म्हणाली. "कवा?"

त्यानं सूर्य उगवतो तिकडं हात केला.

"बैलगाडी जुपते," बनुबाई म्हणाली. "आसल्या अंगानं गाडीवर बसू नगंस."

"बैलगाडीनं दिस बुडंल, आत्याबाई. तवर आईला तशीच ठिवायची का?" राहीनं पदर खोचला आणि ती मागं एका अंगानं बसली. एक हात तिनं भावाच्या कमरेभोवती घातला, दुसरा पोटावर ठेवला.

मच्छिंद्रनं गाडी चढावरून तशीच खाली सोडली, बिनआवाजाची. ओढ्यात पोचल्यावर राहीनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"हळू घे, पर वाजवीत चल, दादा. आईला ऐकू जाऊ दे, मी आले म्हनून."

बाभुळदऱ्याच्या अंगणात बाया मढ्याभोवती बसल्या होत्या. माळावरून धडधड ऐकू आली तशी शेजारची कडूबाई उठली आणि म्हणाली, "राही आली. म्हातारीच्या आंगुळीला पानी तापाया ठिवा."